आरसीए १०० टक्के बंद: उघडायची की राहू द्यायची?

साताऱ्याहून एका मुलानं वडिलांबद्दल विचारलंय, सोबत रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी आणि अँजिओग्राफीची सीडीही पाठवलीय. वडील ६३ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, दहा-बारा वर्षं डायबेटिस, गोळ्यांवर आटोक्यात. वर्षानुवर्षं रोज सकाळी अजिंक्यतारा चढायचे. गेलं वर्षभर निम्म्या वाटेवरून परत फिरतात. अँजिओग्राफीत उजवी धमनी, म्हणजे आरसीए, मध्यावर १०० टक्के बंद निघाली. डाव्या बाजूच्या पुढच्या धमनीत, एलएडीत, ६० टक्के अडथळा, तिसरीत किरकोळ. हृदयाचं पंपिंग ५० टक्के, किडनीचं क्रिएटिनिन १.१. एका डॉक्टरांनी बायपास सांगितली. दुसरे म्हणाले, गोळ्यांवर राहू द्या. तिसरे म्हणाले, ही जुनी बंद नळी अँजिओप्लास्टीनं उघडता येते, पण खर्च आणि धोका दोन्ही जास्त. आता घरात दोन प्रश्न आहेत: नळी पूर्ण बंद आहे तर वडील चालते-फिरते कसे? आणि तिघांतलं ऐकायचं कुणाचं? शेवटी एक छोटा प्रश्नही आहे, तो शेवटीच घेतो.

वीसहून जास्त वर्षं कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते त्या खोलीत, काढली आहेत आणि त्यातला बराच वेळ अशाच बंद नळ्यांपुढे उभं राहून गेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या ‘१०० टक्के’ची भीती कमी करू. रिपोर्टवरचा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे सगळ्यात मोठा धोका, असं घरच्यांना वाटतं. तसं नसतं. नळी अचानक बंद पडली की हार्ट अटॅक येतो. तीच नळी काही वर्षांत थोडी थोडी बंद होत गेली, तर हृदय आडवाटा काढतं. शेजारच्या नळ्यांना जोडणाऱ्या केसाएवढ्या बारीक वाहिन्या मुळातच असतात. गरज पडली की त्या रुंदावतात आणि बंद जागेच्या पलीकडच्या भागाला मागच्या दारानं रक्त पोचवतात. आम्ही त्यांना कोलॅटरल म्हणतो. वडिलांची अँजिओग्राफीची सीडी घरच्या कॉम्प्युटरवर लावून बघा. डाव्या नळीत डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारा द्रव, सोडलेला शॉट शोधा आणि थोडा वेळ नजर ठेवा. डाव्या नळ्या भरून झाल्या की दोन-तीन सेकंदांनी पडद्याच्या दुसऱ्या बाजूला एक फिकट नळी उलटी, खालून वर, भरताना दिसेल. तीच तुमची ‘बंद’ आरसीए. ती मेलेली नाही, शेजाऱ्याच्या नळावर पाणी भरते आहे.

नळी पूर्ण बंद होऊन तीन महिने उलटले असतील, तर तिला सीटीओ म्हणतात. अँजिओग्राफी होणाऱ्या आणि नळ्यांचा आजार निघणाऱ्या लोकांत साधारण पाच-सहांमागे एकाकडे अशी नळी सापडते, म्हणजे हे काही दुर्मिळ नाही. यातल्या बऱ्याच जणांना ती कधी बंद झाली ते आठवतही नाही आणि ईसीजीवर मोठ्या अटॅकची खूणही नसते.

पण शेजाऱ्याच्या पाण्यावर संसार किती चालणार? कोलॅटरल कितीही छान दिसल्या, तरी बसल्या जागी पुरेल तेवढंच रक्त देतात. बंद जागेच्या पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या तुलनेत किती, हे बारीक सेन्सरनं मोजून पाहिलेलं आहे. या गुणोत्तराला एफएफआर म्हणतात. भरघोस कोलॅटरल असणाऱ्यांतही ते ज्या रेषेखाली आम्ही रक्तपुरवठा अपुरा मानतो, त्या ०.८० च्या खालीच भरतं. म्हणजे उत्तम कोलॅटरल असलेली बंद नळी ही व्यवहारात ९०-९५ टक्के अडथळ्यासारखी वागते. घरात फिरताना काही नाही, चढ लागला की दम संपतो. तुमच्या वडिलांची निम्मी वाट हीच आहे. ‘कोलॅटरल चांगल्या आहेत, म्हणजे काही करायची गरज नाही’ हे वाक्य मीही सुरुवातीच्या काळात पेशंटना ऐकवलं आहे. ते अर्धवट आहे.

आता मुख्य मुद्दा. जुनी बंद नळी उघडल्यानं आयुष्य वाढतं, असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबून सही करू नका. तसं सिद्ध झालेलं नाही. उघडल्यानं त्रास कमी होतो, चालणं वाढतं, गोळ्या कमी होऊ शकतात. ऑपरेशन कशासाठी, याचं उत्तर ‘त्रासासाठी’ असलं पाहिजे, ‘भीतीसाठी’ नव्हे.

याला आधार आहे. कोरियातून निघालेल्या डिसिजन-सीटीओ या चाचणीत आठशेहून जास्त पेशंट होते. निम्म्यांची बंद नळी उघडायची, निम्म्यांची औषधांवर सोडायची, असं चिठ्ठ्या टाकून ठरलं. २०१९ साली छापून आलेल्या निकालात मृत्यू, अटॅक वगैरेंत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. या चाचणीवर आमच्या लोकांनी बरीच टीका केली आणि ती रास्तही आहे. ठरवलेली भरती पूर्ण झाली नाही, औषधाच्या गटातल्या साधारण पाचांतल्या एकाची नळी नंतर उघडलीच गेली, शिवाय दोन्ही गटांत बाकीच्या नळ्यांना स्टेंट टाकले गेले होते. तरीही ‘नाही उघडली तर जिवाला धोका’ असं त्यातून म्हणता येत नाही. युरोपातल्या युरो-सीटीओ चाचणीत ३९६ पेशंट होते, निकाल २०१८ चा. तिथे प्रश्नच वेगळा विचारला होता: वर्षभरानंतर तुम्हाला कसं वाटतं? नळी उघडलेल्यांत छातीचा त्रास आणि चालण्यावरची बंधनं स्पष्टपणे कमी होती. कोणावर काय केलं हे पेशंटला माहीत होतं, तेव्हा त्या बरं वाटण्यात थोडा वाटा ‘झालं एकदाचं’ या समाधानाचाही असणार, हे मी नाकारत नाही. पण पायऱ्या न थांबता चढून येणारा माणूस ओपीडीत उभा राहतो, तेव्हा सगळाच मनाचा खेळ आहे असंही म्हणवत नाही.

त्रास म्हणजे नेमका काय, यावर थोडं थांबतो, कारण इथेच गफलत होते. सीटीओचा पेशंट छातीवर हात ठेवून कळवळत येत नाही. धाप लागते, गळून गेल्यासारखं होतं, चालताना जबडा किंवा पाठ भरून येते, जेवणानंतर चालवत नाही. आणि मुख्य म्हणजे माणूस नकळत आपलं जगणं आखडून घेतो. मी विचारतो, ‘काही त्रास?’ उत्तर येतं, ‘काही नाही, एकदम ठणठणीत.’ शेजारी बसलेल्या वहिनी मान हलवत असतात. मग मी विचारतो, ‘मंडईतून पिशवी कोण आणतं?’ ‘आता मुलगा आणतो.’ ‘वरच्या मजल्यावर कधी गेला होतात?’ ‘गरजच पडत नाही.’ हा त्रास नसलेला माणूस नव्हे, त्रासाच्या अलीकडे थांबायला शिकलेला माणूस. त्यामुळे वडिलांना ‘त्रास होतो का’ असं विचारू नका. दोन वर्षांपूर्वी काय करायचात आणि आता काय सोडलंय, ते विचारा. तुम्ही किल्ल्याची गोष्ट लिहिलीत, ती मला रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगी पडली.

म्हणजे वडिलांना त्रास आहे. लगेच अँजिओप्लास्टी का? तरीही नाही. आधी औषधं नीट, पुरेशा डोसात दिली गेली आहेत का ते बघायचं. तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीत ॲस्पिरिन आणि स्टॅटिन आहे, पण त्रास कमी करणारं एकच औषध आहे आणि तेही अगदी लहान डोसात. मेटोप्रोलॉलसारखं बीटा ब्लॉकर, जोडीला अमलोडिपिन किंवा नायट्रेटची गोळी, लागलं तर रॅनोलझीन, अशी किमान दोन औषधं सहा-आठ आठवडे नीट देऊन बघायला हवीत. ‘गोळ्यांवर राहू द्या’ म्हणणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांचं इथपर्यंत अगदी बरोबर आहे. फक्त गोळ्यांवर ठेवणं म्हणजे आहे त्याच गोळ्या चालू ठेवणं नव्हे. एलडीएल कोलेस्टेरॉल ५५ च्या खाली आणायचं आहे, ते नळी उघडली तरी आणि नाही उघडली तरी. तुमच्या रिपोर्टात ते ९८ आहे. पुढच्या अटॅकपासून वाचवण्याचं काम मुख्यतः स्टॅटिनची गोळी करते, स्टेंट नव्हे.

या औषधांवर वडील किल्ला चढायला लागले, तर नळी राहू द्या बंद. खरंच राहू द्या.

नाही लागले, तर पुढचा विचार. त्याआधी त्या नळीच्या हद्दीतला स्नायू जिवंत आहे का, ते पाहायला हवं. पंपिंग ५० टक्के आहे आणि इकोत खालची भिंत थोडी मंद हलते एवढंच लिहिलंय, तेव्हा इथे शंका फारशी नाही. जिथे भिंत पातळ होऊन पांढरी पडलेली असते, तिथे एमआरआयशिवाय हात घालण्यात अर्थ नाही. वाळलेल्या शेताला पाट काढून काय उपयोग?

आता एलएडीतल्या ६० टक्क्यांबद्दल. मला आरसीएच्या १०० पेक्षा ह्या ६० ची जास्त काळजी वाटते. कारण तुमच्या सीडीत आरसीएला रक्त पुरवणाऱ्या आडवाटा एलएडीतूनच निघालेल्या आहेत. म्हणजे एक नळी दोन घरं चालवते आहे. तिथे उद्या काही बिघडलं तर दोन्ही घरांत एकदम अंधार. त्यामुळे हा ६० टक्के अडथळा खरोखर किती अडवतो, ते एफएफआरनं मोजून घ्या. यात एक खोच आहे. दोन घरांचा भार असल्यामुळे एफएफआर असतो त्यापेक्षा थोडा वाईट येतो आणि आरसीए उघडली की तोच आकडा थोडा सुधारतो. सीमेवरचा आकडा आला, ०.७८ वगैरे, तर लगेच तिथे स्टेंट न टाकता आरसीए उघडून पुन्हा मोजणं शहाणपणाचं ठरतं. अगदी ०.६५ आला तर मात्र चित्रच बदलतं.

कारण मग बायपास सांगणारे पहिले डॉक्टर बरोबर ठरतात. डायबेटिस असलेल्या आणि एकाहून जास्त मोठ्या नळ्या खराब असलेल्या पेशंटमध्ये बायपास स्टेंटपेक्षा सरस ठरते, हे २०१२ च्या फ्रीडम चाचणीत १९०० पेशंटवर दिसलं आहे. छातीच्या आतली धमनी एलएडीला जोडली की ती वर्षानुवर्षं टिकते. पण एलएडी ठीकठाक निघाली आणि प्रश्न एकट्या आरसीएचा उरला, तर त्यासाठी छाती उघडणं मला पटत नाही. म्हणून एफएफआरच्या आधी बायपासची तारीख घेऊ नका, आणि अँजिओप्लास्टीचीही.

आता तिसऱ्या डॉक्टरांचा रस्ता कसा असतो ते सांगतो. फुगा घालून नळी रुंदावण्याचं काम आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी झुरिचमध्ये १६ सप्टेंबर १९७७ ला पहिल्यांदा केलं. तेव्हा निवडल्या जाणाऱ्या नळ्या म्हणजे एकच, आखूड, मऊ अडथळा, पूर्ण बंद नसलेला. सीटीओ या कामात सगळ्यात शेवटी वश झाली आणि अजूनही पूर्ण झालेली नाही. कारण साधं आहे. साध्या अडथळ्यात वायर जायला वाट असते. इथे वाटच नाही. आत जुनी गुठळी वाळून चामड्यासारखी झालेली, मधूनमधून चुना, म्हणजे कॅल्शियम, आणि दोन्ही टोकांना टोपी. अलीकडची, वरची टोपी जास्त कठीण असते आणि पलीकडची, खालची बहुधा मऊ. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

सगळा खेळ वायरचा. जाडी ०.०१४ इंच, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त. टोक किती कडक हे ग्रॅममध्ये मोजतात. नेहमीची वायर पाऊण-एक ग्रॅमची, एवढी मऊ की बोटावर टेकवली तर लगेच वाकते. सीटीओसाठी ३-४ ग्रॅमच्या असतात आणि टोपी फोडायला ९, १२ ग्रॅमच्याही. १२ ग्रॅमची वायर टोपी फोडते तशी नळीची भिंतही फोडू शकते. ती चालवताना उजव्या हाताची दोन बोटं टॉर्करवर, म्हणजे वायर फिरवायच्या छोट्या मुठीवर, असतात, अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. वायर योग्य जागी असली की बोटांना बारीक खरखर लागते, ओल्या लाकडात गिरमिट फिरवावं तशी, आणि टोक मोकळं वळतं. भिंतीत शिरली की टोक वळेनासं होतं, बोटांना रबरात अडकल्यासारखं वाटतं. हे शिकवता येत नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना मी सांगतो, पडदा डोळ्यांनी बघा, पण भरवसा बोटांवर ठेवा.

दोन कॅथेटर, म्हणजे हातातून किंवा मांडीतून हृदयापर्यंत नेलेल्या पोकळ नळ्या, लागतात: एक बंद नळीच्या तोंडाशी, दुसरा रक्त पुरवणाऱ्या नळीच्या तोंडाशी. दोन्हीकडून एकाच वेळी डाय सोडला की बंद तुकड्याची लांबी, वळण आणि पलीकडचं टोक एकत्र दिसतं. एका हातातून, एकाच कॅथेटरनं ‘बघू जमतंय का’ म्हणून कोणी सुरुवात करत असेल, तर ते सीटीओचं काम नव्हे, नशिबाचं आहे.

समोरून वायर गेली तर उत्तम. नाही गेली तर दोन वाटा. एक म्हणजे वायरचं टोक मुद्दाम मुडपून, तिचा आकडा करून नळीच्या भिंतीच्या थरांमधून पुढे न्यायची आणि बंद तुकडा संपला की पुन्हा मूळ पोकळीत आणायची. ऐकायला भयंकर वाटतं, पण मुडपलेलं टोक गोल असतं, त्यामुळे टोकदार वायरपेक्षा ते भिंत फोडण्याची शक्यता कमी. दुसरी वाट जपानी मंडळींची देणगी: मागच्या दारानं. वायर डाव्या नळीतून, हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या कोलॅटरलमधून, बंद नळीच्या पलीकडच्या बाजूला न्यायची आणि खालचं मऊ टोक तिकडून फोडायचं. म्हणूनच मघाशी टोपीचं सांगितलं. तोयोहाशीच्या ओसामू कातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या आसपास ही पद्धत बसवली. त्यात पुढून आणि मागून आलेल्या वायर भिंतीच्या एकाच पोकळीत भेटवतात. शेवटी मागून आलेली ३३० सेंटीमीटरची वायर पुढच्या कॅथेटरमधून बाहेर काढली की एका टोकाला पेशंटचा डावा हात आणि दुसऱ्याला उजवा, मधे हृदय, असा दोरा ओवलेला असतो. मग फुगे आणि स्टेंट नेहमीसारखे. तुकडा लांब असला तर दोन, कधी तीन स्टेंट लागतात. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी आणि टेक्निशियन दोघेही पडद्याकडे बघत काही वेळ गप्प उभे होतो.

तुमच्या वडिलांची केस किती अवघड? त्याला जपानी जे-सीटीओ गुण लावतात. पाच गोष्टी, प्रत्येकी एक गुण: तोंड निमुळतं न राहता बोथट असणं, चुना, ४५ अंशांहून जास्त वळण, २० मिलिमीटर किंवा अधिक लांबी, आणि आधी एकदा प्रयत्न फसलेला असणं. सीडी बघून मी दोन धरले: लांबी आणि थोडा चुना. तोंड निमुळतं आहे, ही चांगली गोष्ट. अवघड म्हणायची, पण अति अवघड नव्हे. तीन किंवा जास्त असते तर मी वेगळ्या सुरात लिहिलं असतं.

अनुभवी हातात यश ८५ ते ९० टक्के मिळतं. क्वचित करणाऱ्याच्या हातात ते बरंच खाली येतं. मोठी गुंतागुंत, म्हणजे मृत्यू, अटॅक, नळी फुटून हृदयाभोवती रक्त साचणं, हे सगळं मिळून शंभरांत तिघांच्या आसपास. साध्या, ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत हा आकडा एकच्या जवळपास असतो. ‘धोका जास्त’ म्हणतात तो एवढा. मागच्या दारानं गेलं तर थोडा आणखी वाढतो, कारण तेव्हा ज्या नळीवर संसार चालला आहे तिच्यातच आम्ही सामान घालून बसलेलो असतो. तिथे गुठळी झाली तर खेळ खलास. त्यामुळे दर अर्ध्या तासाला रक्त किती पातळ आहे ते तपासतात आणि एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारे सेकंद, ३५० च्या वर ठेवतात.

काही वर्षांपूर्वीची माझी एक केस सांगतो. साठीच्या बाई, आरसीएच बंद. वायर पलीकडे गेली, सगळे खूश, आणि तपासून बघायच्या शॉटमध्ये एका बारीक फांदीच्या टोकाशी धुरासारखा डाय बाहेर पसरताना दिसला. वायरचं टोक दूर फांदीत घुसून तिला भोक पडलं होतं. चूक माझीच. मोठ्या वळणाकडे लक्ष होतं आणि टोकाकडे बघायचं राहिलं. फुगा फुगवून रक्त थांबवलं, सोडला की पुन्हा गळती. शेवटी त्यांच्या मांडीच्या छेदाजवळून तांदळाच्या दाण्याएवढी चरबी काढली, डायमध्ये भिजवून मायक्रोकॅथेटरमधून, म्हणजे अगदी बारीक पोकळ नळीतून, त्या फांदीत सोडली. गळती थांबली. हृदयाभोवती थोडं रक्त साचलं होतं, पण सुई घालावी लागली नाही. तिसऱ्या दिवशी घरी गेल्या. यात चातुर्य काही नाही, ही युक्ती या कामात सगळ्यांना ठाऊक असते. सांगायचं कारण एवढंच, की कॅथलॅबमध्ये भोक झाकणारा कव्हर्ड स्टेंट, फांदी बंद करणारी कॉइल, इको मशीन आणि सुई घालू शकणारा माणूस तयार आहे का, हे विचारण्यात संकोच करू नका.

मग विचारायचं काय? डॉक्टर वर्षाला अशा किती नळ्या करतात, हे विचारा. तीसेक तरी असाव्यात. फसल्या त्यांचं काय झालं, हेही विचारा. जे म्हणतात ‘आमची एकही फसत नाही’, तिथून चहा पिऊन निघा. कुठे थांबणार, हे आधी ठरलं आहे का? क्ष-किरणांचा डोस ५ ग्रेच्या पुढे गेला आणि वायर अजून अलीकडेच असेल, तर थांबावं. डायसुद्धा किडनीच्या हिशेबानं मोजून वापरायचा असतो. वडिलांची किडनी चांगली आहे, पण डायबेटिस आहे, तेव्हा हे मोजणारा माणूस हवा. थांबणं म्हणजे हार नव्हे. एका पेशंटला मी तीन तासांनी टेबलावरून उठवलं, फक्त बंद तुकड्यात फुगा फिरवून ठेवला. दोन महिन्यांनी परत घेतलं तेव्हा आतल्या थरांनी आपली वाट स्वतःच बसवली होती आणि वायर वीस मिनिटांत गेली.

आणि अँजिओग्राफीच्या टेबलावर ‘सापडलंच आहे तर आत्ताच उघडून टाकू’ असं कोणी म्हणालं, तर नाही म्हणावं. सीटीओ वेगळ्या दिवशी, सीडीचा अभ्यास करून, पेशंटशी नीट बोलून करायची असते. ‘बायपास टाळा, नळ्या आपोआप उघडा’ अशा जाहिरातींमधले काढे, सलाईन आणि पायांना पट्टे बांधायच्या मशिनी यांतलं काहीही वाळलेली टोपी उघडत नाही. पट्ट्यांच्या मशीननं काहींना त्रासात थोडा आराम पडतो, एवढंच.

खर्चाबद्दल लोक स्टेंटची किंमत विचारतात. औषधी स्टेंटला फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं २९,६०० रुपयांची मर्यादा घातली, पुढे ती वेळोवेळी बदलत गेली. पण सीटीओत बिल स्टेंटनं फुगत नाही. चार-पाच वायर, दोन मायक्रोकॅथेटर, बारीक फुगे, चुना फोडायचं सामान, यानं फुगतं आणि काम सुरू होण्याआधी नेमका आकडा कोणी सांगू शकत नाही. खालचा आणि वरचा असे दोन आकडे लेखी मागा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत करायचं असेल तर आरोग्यमित्राला आधी भेटा आणि पॅकेजबाहेरचं सामान लागलं तर काय, हे तिथेच स्पष्ट करून घ्या. काम झाल्यावर वाद घालण्यात काही हाती लागत नाही.

नंतरचं थोडक्यात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सांगितलेल्या महिन्यांपर्यंत एकही दिवस न चुकता. दात काढायला गेलात आणि कोणी ‘गोळ्या बंद करून या’ म्हणालं, तर आधी हार्टच्या डॉक्टरांना फोन करा. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: काम लांबलं असेल तर दोन-तीन आठवड्यांनी आणि पुन्हा दोन महिन्यांनी वडिलांची पाठ उघडी करून बघा. खांद्याच्या पात्याखाली तळहाताएवढा लाल, खाजरा चट्टा दिसला तर तो नायटा समजून मलम चोळत बसू नका. क्ष-किरणांचा असू शकतो. त्वचेच्या डॉक्टरांना अँजिओप्लास्टीचा कागद दाखवा आणि तुकडा काढून तपासायची घाई करू देऊ नका, ती जखम लवकर भरत नाही.

वडिलांनी स्वतः विचारायला सांगितलेला प्रश्न राहिला: किल्ल्यावर परत कधी जायचं? औषधं वाढवली की पंधरा दिवसांनी सपाटीवर सुरुवात करा, मग चढ. जिभेखालची सॉर्बिट्रेट खिशात, सोबत कोणीतरी, आणि धाप लागेल त्याच्या दहा पावलं आधी थांबायचं. कुठपर्यंत गेले ते रोज वहीत लिहून ठेवायला सांगा, शिक्षक आहेत, आवडीनं लिहितील. आठ आठवड्यांनी मला ती वही दाखवा, एफएफआरच्या कागदासोबत.